मॉससारखं झाड, मधे टक्कल आणि टोकं करपलेली, आत्ता कापू की पावसाळ्यापर्यंत थांबू?

रानजाई_इंदिरानगर

घरातल्या झाडांचं मला फार कळत नाही, तुळस, कढीपत्ता, मनीप्लांट, संपलं. मागच्या पावसाळ्यात इथे नाशकात गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून शेवाळासारखं दिसणारं एक झाड आणलं, नर्सरीवाला त्याला मॉस फर्न म्हणत होता. तेव्हा काय सुंदर होतं सांगू, चारी बाजूंनी कुंडीबाहेर सांडत होतं, मऊ मऊ, पोरं येता जाता हात फिरवायची. दिवाळीपर्यंत झकास. थंडीत जरा थांबल्यासारखं वाटलं, म्हटलं थांबेना का. आता होळी झाली आणि त्याचा अवतार बघवत नाहीये. टोकं तपकिरी, कडक झालेली, बाहेरच्या बाजूला लांबलचक दोरे लोंबतायत ज्यांच्यावर पानं कमी आणि दांडी जास्त, आणि बरोबर मधे टक्कल. तिथे बोटाने जरा उचकून बघितलं तर खाली काळं काळं सडल्यासारखं काहीतरी.

सासूबाई म्हणतात कात्रीने सपाट भादरून टाक, लॉन कसं कापल्यावर जोमात येतं तसं येईल. नवरा म्हणतो हात लावू नकोस, आहे तेही जाईल. यूट्यूबवर एक बाई कात्री घेऊन सरळ कापत सुटली होती पण तिच्या खिडकीबाहेर धुकं दिसत होतं, आपल्याकडे दुपारी पंखा लावला तरी गरम वारा येतो त्यामुळे तिचं ऐकावं का कळेना.

तर कुठून कापायचं, किती कापायचं, आत्ता का जूनमधे, आणि कापलेले तुकडे लावले तर जगतात का? झाड हॉलमधे टीव्हीशेजारी असतं, खिडकी पूर्वेची, थेट ऊन येत नाही. तांबट लेनमधून घेतलेल्या जुन्या तांब्याच्या घंगाळात लावलंय, दिसायला फार छान दिसतं म्हणून. पाणी आरओचं जे वाया जातं ना ते घालते, तेवढीच बचत. फोटो अपलोड होत नाहीये, रात्री परत बघते.

बाटलीबाग

ताई, कात्री जरा बाजूला ठेवा आणि आधी झाड कुठलं ते नक्की करू, कारण नर्सरीवाले मॉस म्हणून काहीही देतात. पानं बारीक गोल आणि प्रत्येक पानाला छोटासा देठ, दांडी नाजूक पाणीदार, असं असेल तर ते बेबी टिअर्स. त्याला सासूबाई म्हणतात तसं खरंच भादरलं तरी चालतं, काही आठवड्यांत परत भरतं. दुसरं म्हणजे पिलिया मायक्रोफिला, ते तर आपल्याकडे गटाराच्या कडेला, कुंड्यांच्या भेगांत आपोआप उगवतं, ते कसंही कापा, मरत नाही. तिसरं खरं मॉस, म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर येतं ते, त्याला मुळंच नसतात आणि छाटणी वगैरे काही नसते. चौथं सेलाजिनेला. त्याची पानं म्हणजे अगदी बारीक खवले, दांडीला चिकटून ओळीने लावल्यासारखे, आणि फांदी चपटी, प्रत्येक ठिकाणी दोन दोन फाटे फुटत गेलेली. भिंग असेल तर बघा, दोन ओळी मोठ्या पानांच्या बाजूला आणि दोन ओळी बारक्या पानांच्या वरती दिसतील.

मला तुमच्या वर्णनावरून चौथंच वाटतंय.

रानजाई_इंदिरानगर

भिंग नाही पण मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलं. हो, खवलेच आहेत आणि सगळीकडे दोन दोन फाटे. गोल पान एकही नाही. म्हणजे सेलाजिनेला. नर्सरीवाल्याला फर्न का म्हणावंसं वाटलं कुणास ठाऊक.

जुना_बीएस्सी

अहो सेलाजिनेला म्हणजे अकरावीच्या बायोलॉजीत होतं की! हेटरोस्पोरस, दोन प्रकारचे बीजाणू, मोठे आणि छोटे, परीक्षेला हमखास. फर्नपण नाही आणि मॉसपण नाही, लायकोफाइट नावाचं फार जुनं कुळ आहे, ४० कोटी वर्षांच्या आसपासचं. मॉसला पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नसतात, याला असतात. फूल नाही, बी नाही. प्रॅक्टिकलला स्लाइड बघितली होती, घरात शोभेला कोणी ठेवतं हे आज कळलं.

बागायतदार_दिंडोरी

राम राम ताई. शोभेच्या झाडातलं मला काही समजत नाही पण छाटणीतलं समजतं, द्राक्षबाग आहे. आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी. खरड छाटणीला एकेक डोळा ठेवून सगळं खाली आणतो, तेव्हा बाग बघून पाहुणे विचारतात मेली का काय म्हणून, आणि महिन्याभरात हिरवीगार. उन्हाळ्यातच करतो ना आम्ही, मग घाबरायचं काय कारण. मारा कात्री बिनधास्त, वरून एक हलका बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा) हात द्या म्हणजे जखमेत बुरशी जाणार नाही. सासूबाईंचं ऐका, जुनी माणसं उगाच बोलत नाहीत.

बाटलीबाग

दादा तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण ह्या झाडाला तो हिशेब लागत नाही आणि का लागत नाही ते जरा सविस्तर लिहिते, कारण हा गोंधळ फार जणांचा होतो. मी घरून बाटलीतल्या बागा बनवून देते त्यामुळे हे झाड माझ्या रोज हाताखाली असतं.

द्राक्षाला खोड आहे, ओलांडे म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या आहेत, मुळं खोल गेलेली आहेत. पानं सगळी काढली तरी आत साठा असतो आणि काडीवर प्रत्येक पेराला डोळा तयार असतो, त्या जोरावर ती एप्रिलच्या उन्हात परत फुटते. सेलाजिनेलाची दांडी शिवणाच्या दोऱ्याएवढी, मुळं मातीच्या वरच्या दोन बोटांत, साठवून ठेवायला जागाच नाही. शिवाय त्याच्या जुन्या दांडीवर तुमच्यासारखे पेरापेराला डोळे नसतात. ते वाढतं फक्त टोकाकडून, टोक दुभंगतं, दोन फाटे होतात, ते परत दुभंगतात. सगळी टोकं एका फटक्यात काढली तर जेवायला पान नाही आणि वाढायला टोक नाही. सपाट भादरलेलं सेलाजिनेला मधून मधून हिरवं दिसत राहतं आणि मग हळूहळू वाळत जातं, माझ्याकडे लोक ते घेऊन येतात आणि विचारतात कापल्यावर का मेलं.

पण एक सोय निसर्गाने ठेवलीय. जिथे दोन फाटे फुटतात ना, त्या बेचक्यात वाढीचा एक बारीक ठिपका असतो. टोक शाबूत असेपर्यंत त्या ठिपक्यातून बहुतेक वेळा मूळ धरणारा दोरा निघतो, आणि पुढची टोकं कापली गेली तर त्याच ठिपक्यातून पानांची नवी फांदी निघू शकते. टोकाकडून खाली येणारं ऑक्सिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, थांबलं की हा बदल होतो. म्हणून कापायचं ते बेचक्याच्या किंचित पुढे, मधेच कुठेतरी नाही. तपकिरी टोकापासून मागे मागे येत जा, पहिलं पूर्ण हिरवं बेचकं दिसेल, त्याच्या पुढे दोन तीन मिलिमीटर सोडून कापा. बेचक्याच्या मागे कापलंत तर उरलेली दांडी नुसता खुंट म्हणून राहते, फुटत नाही.

कात्री छोटी टोकदार घ्या, भरतकामाची असते ती उत्तम, स्पिरिटने पुसून. किचनमधली मोठी कात्री नको, ती चेंगरते. एका वेळेला तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका आणि हे पावसाळ्यातलं बोलतेय.

आता मुख्य मुद्दा. तुमचं झाड छाटणी नाही म्हणून करपलेलं नाहीये ताई, हवेमुळे करपलंय. ह्या झाडाला हवेत ५०-६० टक्के तरी दमटपणा लागतो. आपल्याकडे मार्च एप्रिलच्या दुपारी तो २०-३० टक्क्यांवर येतो, छोटा डिजिटल मीटर मिळतो तो हॉलमधे ठेवून बघा. टोकांचं पान सगळ्यात कोवळं म्हणून ते पहिलं जातं. हवा तीच ठेवून तुम्ही टोकं कापलीत तर नवीन आलेली टोकं परत करपणार, परत कापणार, असं करत करत झाड संपतं. त्यामुळे आत्ता फक्त साफसफाई करा, म्हणजे जे पूर्ण वाळलंय, बोटात धरल्यावर चुरचुरतंय तेवढंच काढा. हिरव्याला हात नको. आकार द्यायची खरी छाटणी जूनमधे पाऊस बसला की. तेव्हा ते आठवड्यागणिक पुढे सरकत असतं, थोडं थोडं दर काही आठवड्यांनी टोकं खुडत राहिलात तर दाट होत जातं. एकदम एकदा मोठी छाटणी करण्यापेक्षा चिमटीने सारखं सारखं खुडणं ह्याला मानवतं.

पाणी. आरओचं वाया जाणारं पाणी म्हणजे क्षार गाळून बाजूला काढलेलं पाणी. मोठ्या झाडांना, फरशी पुसायला ठीक आहे, ह्याला विषच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि टोकाशी साठतात, तुमचं करपणं त्याच्यामुळेही असणार. आरओचं चांगलं पाणी घाला, नाहीतर एसीच्या पाइपमधून ठिबकतं ते, त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाचं साठवलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. बोअरचं तर अजिबात नको. नळाचं रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन जातो पण क्षार जात नाहीत हे लक्षात ठेवा, बरेच जण दोन्ही एकच समजतात.

आणि बोर्डो नको म्हणजे नकोच. त्यात मोरचूद असतं आणि मोरचुदाने शेवाळ मारतात. हे शेवाळ नाही हे खरं पण इतक्या नाजूक झाडावर ती परीक्षा कशाला घ्यायची. कापल्यावर ह्याला काहीही लावावं लागत नाही.

बागायतदार_दिंडोरी

बरं बरं, मागे घेतो. पण शेंडा मारला की बगलफूट निघते हे तरी आमचंच निघालं ना शेवटी 😄

बाटलीबाग

ते निघालं दादा, पावसाळ्यात.

प्रश्नोपनिषद

मधेच विचारतो. जत्रेत ती संजीवनी विकतात ना, वाळलेला तपकिरी मुठीसारखा गोळा, पाण्यात टाकला की उघडतो आणि हिरवा होतो, ते पण सेलाजिनेलाच आहे असं वाचलं होतं. मग ताईंचं पूर्ण वाळलं तरी पाण्यात बुडवलं की परत हिरवं होईल ना? एवढी काळजी कशाला?

जुना_बीएस्सी

वंश एकच, जात वेगळी. ते सेलाजिनेला ब्रायॉप्टेरिस, आपल्या देशातल्या खडकाळ डोंगरांवरचं. वाळल्यावर पानं आत दुमडून घेतं आणि पाणी मिळालं की उलगडतं. मेक्सिकोच्या वाळवंटातलं लेपिडोफिला पण तसंच. सातशेच्या आसपास जाती आहेत ह्या वंशात आणि ही युक्ती त्यातल्या मोजक्यांनाच जमते. ताईंचं बहुतेक क्रॉसियाना असणार, आफ्रिका आणि अझोर्स बेटांकडचं, ओल्या सावलीतलं. ते वाळलं की गेलं.

बाटलीबाग

+१. माझ्याकडे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पूर्ण वाळलेली कुंडी बादलीत बुडवून आणतं. पाण्याने फुगून जरा मऊ होते, हिरवी होत नाही. तसंच ते निळसर झाक असलेलं मोरपंखी मिळतं ना, अनसिनाटा, तेही वाळलं तर परत येत नाही. आणि त्याची निळी झाक उजेड जास्त झाला की जाते, त्याला लोक रोग समजतात.

घोटीचा_पाऊस

आमच्या इकडे ह्या झाडाचे काही प्रश्नच नसतात राव. जून ते सप्टेंबर पागोळीखाली ठेवून देतो, थेट धार पडणार नाही एवढंच बघायचं. इगतपुरी घोटीकडे पाऊस किती आणि तुमच्या इंदिरानगरात किती, त्याच्या पाव भाग तरी पडतो का तुमच्याकडे. ऑक्टोबरच्या उन्हापासून आत घेतो आणि उन्हाळ्यात न्हाणीघराच्या खिडकीत, तिथे सकाळ संध्याकाळ वाफ असते. घरात सगळ्यात दमट जागा तीच. हॉलमधे टीव्हीशेजारी ठेवण्यापेक्षा बाथरूमला खिडकी असेल तर तिथे हलवा, दिसायला शोभेचं नाही पण जगतं.

आणि एक सांगतो, रागावू नका कोणी. पावसाळ्यात ट्रेकला येणारे लोक अंजनेरी, ब्रह्मगिरीवरून असलं मऊ हिरवं काहीबाही उपटून पिशवीत भरून नेतात, घरी टेरेरियम करायचं म्हणून. ते शहरात आठवडाभर टिकतं आणि मरतं. तिथे काही झाडं अशी आहेत जी जगात दुसरीकडे नाहीत, अंजनेरीची सेरोपेजिया घ्या. शंभर रुपयांना नर्सरीत मिळतं ते घ्या ना. उलट बाजूनेही तेच, घरातलं छाटलेलं डोंगरात नेऊन फेकू नका. न्यूझीलंडमधे हेच क्रॉसियाना जंगलात पसरून जमीन झाकून टाकतंय, तिथे विकायला बंदी आहे, का तर बारीक तुकडा पडला तरी मूळ धरतो.

रानजाई_इंदिरानगर

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग आधी सांगायचं ना की ह्याला खोड नाही म्हणून.

काही राहिलेलं विचारते. घोटीच्या दादांनी सांगितलं की तुकडा पडला तरी मूळ धरतो, म्हणजे जी हिरवी लांब टोकं आहेत ती लावता येतील? मला भीती आहे की मुख्य कुंडी जाईल, हाताशी काहीतरी असावं. दुसरं, घंगाळाबद्दल कोणी काही बोललं नाही, ते चालेल ना? तिसरं, पुढच्या महिन्यात कूलर लागणार हॉलमधे, त्याने दमटपणा वाढेल का झाडाला त्रास होईल? आणि ते मधलं काळं.

बाटलीबाग

घंगाळाचं लिहायचं राहून गेलं. थेट त्यात माती भरलीय का? भोक नसणार त्याला, कोण जुन्या घंगाळाला भोक पाडेल. म्हणजे पाणी तळाशी साठतंय आणि वर टोकं कोरडी, दोन्ही बाजूंनी मार. मधलं काळं त्याचंच. खाली ओलं, वर दाट जाळी, हवा शिरत नाही, उजेड शिरत नाही, मग मधल्या जुन्या दांड्या कुजतात. शिवाय तांबं ओल्या मातीला सतत लागून असणं बरं नाही, बोर्डोला नको म्हटलं त्याच कारणाने. घंगाळ सुंदर असतं, टाकू नका. झाड पसरट प्लास्टिकच्या कुंडीत काढा, खोल नको, पाच सहा बोटं खोली पुरते कारण मुळं खाली जातच नाहीत, आणि ती कुंडी घंगाळात ठेवा, तळाशी गोटे घालून. गोट्यांमधे थोडं पाणी राहू द्या पण कुंडीच्या बुडाला टेकता कामा नये, तेवढीच आजूबाजूला ओल.

माती काळी घेऊ नका, ती चिकटून बसते. कोकोपीट दोन तीनदा गोड्या पाण्याने धुऊन घ्या, न धुतलेल्यात मीठ असतं. त्यात कुजलेला पालापाचोळा चाळून आणि थोडं परलाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे ते पांढरे हलके दाणे. परलाइट नसेल तर भाताचं तूस, घोटीच्या दादांकडे ढिगाने असेल. शेणखत नको, आणि नवीन कोंब दिसेपर्यंत कुठलंच खत नको. पुढे पावसाळ्यात द्यायचं झालं तरी पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात.

मधल्या काळ्याला कात्री लावत बसू नका, चिमट्याने एकेक उचला, कुजलेली दांडी हलकेच ओढली की निघून येते, जी ओढल्यावर विरोध करते ती जिवंत आहे, सोडून द्या. तुम्हा द्राक्षवाल्यांची विरळणी म्हणा हवं तर. तेवढं निघालं की आत हवा खेळते.

कूलर दमटपणा वाढवतो, ह्या झाडाला तो एसीपेक्षा कितीतरी बरा. फक्त वाऱ्याच्या झोतासमोर नको, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. दिवसातून चार वेळा फवारा मारायची लोकांना हौस असते, त्याने पंधरा वीस मिनिटांपलीकडे काही होत नाही आणि पाणी खारं असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात. त्यापेक्षा वरून काचेची बरणी किंवा पारदर्शक डबा पालथा घाला, रोज थोडा वेळ उघडा.

तुकड्यांचं म्हणाल तर जगतात, सोपं आहे. श्रीखंडाचा मोठा डबा घ्या, झाकण पारदर्शक असलं तर उत्तमच, नाहीतर वर क्लिंग फिल्म. तळाला दोन बोटं धुतलेलं कोकोपीट, पिळल्यावर थेंब गळणार नाही एवढंच ओलं. हिरव्या फांदीचे तीन ते पाच सेंटीमीटरचे तुकडे, प्रत्येकात एक दोन बेचकी आली पाहिजेत. उभे खोचायचे नाहीत, आडवे पसरायचे आणि केसांच्या यू पिनेने बेचकं मातीला टेकवून ठेवायचं, मूळ तिथूनच येतं. जुन्या पिना गंजक्या नकोत. डबा उजेडात पण उन्हात नाही. दोन ते चार आठवड्यांत हलकेच ओढून बघा, धरून ठेवलं असेल तर रुजलं. ह्यासाठी हिरव्यातलं थोडं कापावं लागेल, म्हणजे मी वर हात नको म्हटलं त्याला एवढा अपवाद, चार सहा फांद्या फार तर. डबा बंद असतो त्यामुळे बाहेरच्या मार्चशी त्यांचा संबंध येत नाही.

हिरवा_चहा

मला दोन वर्षं झाली, मी कोणतीच छाटणी करत नाही, नुसती बंद बरणीत आहे खिडकीपासून लांब. वाढतंय. एवढं कापाकापीचं शास्त्र करायची खरंच गरज आहे का?

बाटलीबाग

बंद बरणीत हवा कायम दमट, त्यामुळे टोक करपत नाही हे बरोबर. पण कधी झाकण काढून बघा, वरचा थर काचेला चिकटलेला असेल आणि खालचा अर्धा उघडा दांड्यांचा. तिथे उजेड पोचत नाही. काचेला टेकलेली टोकं खुडत जा, खाली उजेड गेला की तळातून पण हिरवं येतं. नाही केलं तर मरणार नाही, फक्त छत्रीसारखं होईल.

हिरवा_चहा

आत्ता बघितलं. खालून दांड्याच आहेत 😐

बागायतदार_दिंडोरी

ताई आमच्या घरी वाचलं मंडळींनी आणि आता त्यांना हे झाड हवंय. आमच्याकडे पाणी सगळं विहिरीचं, भरपूर क्षार. पावसाचं साठवतो शेततळ्यात, ते चालेल का? आणि कोकोपीटमधे चिलटं फार होतात, द्राक्षाच्या रोपांना बघितलंय.

बाटलीबाग

शेततळ्यात विहिरीचं पाणी पण सोडत असाल ना, मग ते नको. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी पहिल्या दोन चार पावसांनंतर ड्रममधे धरा, झाकून ठेवा. एका कुंडीला वर्षाचं किती लागतंय, एक ड्रम संपत नाही. चिलटं होतात कारण वरचा थर सतत ओला राहतो आणि ह्या झाडाला तो लागतोच, तर पिवळे चिकट सापळे लावा, तुमच्याकडे बागेत असतीलच, त्यातलाच एक कापून छोटा तुकडा कुंडीत खोचा. आणि कुजलेली दांडी राहू देऊ नका, अळ्या त्यावरच जगतात.

रानजाई_इंदिरानगर

झाड घंगाळातून काढलं. तळाशी अक्षरशः पाणी होतं, वास पण येत होता. मधलं काळं चिमट्याने काढलं, सांगितलं तसं, जे विरोध करत होतं ते सोडलं. बरंच मोकळं झालंय, उघडं बोडकं दिसतंय पण ठीक. श्रीखंडाच्या डब्यात पाच फांद्या लावल्या. आता एक नवीनच दिसलं, वरून दाट होतं म्हणून आधी कळलं नव्हतं, फाट्यांमधून पांढरट गुलाबी दोरे खाली लोंबतायत, काही मातीला टेकलेत काही हवेतच आहेत. ही बुरशी तर नाही ना? नवरा म्हणतो तेवढे तरी काप. फोटो टाकलाय, ह्या वेळी गेला.

बाटलीबाग

फोटो बघितला, ते कापू नका! बुरशी नाही ती, बेचक्यातून निघणारे मूळ धरणारे दोरेच आहेत, वर सांगितलेले. झाड अजून दमात आहे एवढं त्यावरून कळतं. फोटोत डावीकडे जी सगळ्यात लांब फांदी बाहेर लोंबतेय, तिला असे तीन दोरे दिसतायत. ती छाटायची म्हणत होतात ना, तिला छाटण्यापेक्षा आत वळवा, मधल्या टकलावर आडवी ठेवा आणि प्रत्येक बेचक्याशी एक पिन लावा, दोरे मातीला टेकले पाहिजेत. अजून एक दोन लांब फांद्या असतील त्याही तशाच वळवा. रुजल्यावर त्या जागीच दाट होतील. टोकं खुडायला जूनमधे सुरुवात करा, त्याआधी नाही.